गोधडीसाठी पाच लाखांचं मशीन: सोनं गहाण ठेवण्याआधी हा हिशेब बघा

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. ब्लाउज शिवता शिवता त्या महिन्याला चार गोधड्या करतात. एक गोधडी २,५०० रुपयांना जाते, त्यात कापड, अस्तर, दोरा मिळून ९०० रुपये खर्च. पुणे-नाशिकहून मागणी आहे, पण जड गोधडी मशीनखालून ओढून ओढून उजवा खांदा भरून येतो. म्हणून बसून चालवायचं लाँग आर्म क्विल्टिंग मशीन घ्यायचं मनात आहे. परदेशातून येणाऱ्या मशीनचं सगळे कर धरून मुंबईपर्यंतचं कोटेशन ४,६०,००० रुपयांचं मिळालंय. ३ लाखांची एफडी मोडायची, बाकीच्यासाठी सोनं गहाण ठेवायचं आणि कापसाचे पैसे आले की सोडवायचं, असा बेत आहे. लेक यंदा बारावीला आहे.

ताई, हे मशीन यंदा घेऊ नका. तुमची गरज खरी आहे, मशीनही चांगलं आहे. तरी सध्याच्या तुमच्या कामावर त्याचा खर्च निघत नाही.

आधी मशीनबद्दल. घरच्या शिलाई मशीनला सुईपासून खांबापर्यंत जेमतेम सहा-सात इंच मोकळी जागा असते. डबलबेडची गोधडी त्यात गुंडाळून कोंबावी लागते, तुमचा खांदा तिथेच दुखतो. बसून चालवायच्या लाँग आर्मला ही जागा सोळा ते वीस इंच मिळते. मात्र यातल्या बहुतेक मशीनना कापड पुढे सरकवणारे दाते नसतात. कापड दोन्ही हातांनी तुम्हीच फिरवायचं, आणि हाताचा वेग नि सुईचा वेग जुळला तरच टाका एकसारखा पडतो. काही मशीनमध्ये टाक्याची लांबी सांभाळणारी सोय असते, तरी हात बसायला महिने जातात. शिवाय त्यावर ब्लाउज शिवता येत नाही, म्हणजे जुनं मशीन ठेवावंच लागेल.

आता पैसे. कोटेशनवर वाहतूक, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, सुया-दोरे असे ४०,००० धरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. झाले ५ लाख. ३ लाखांच्या एफडीवर ७ टक्के मिळत असतील, तर वर्षाचं २१,००० रुपये व्याज बुडतं. २ लाखांच्या सोनेतारण कर्जाला १० टक्क्यांनी २०,००० रुपये जातात. पाच वर्षांनी मशीन २ लाखांना विकलं गेलं असं धरू, आणि खानदेशात गिऱ्हाईक मिळालं तर ते नशीबच म्हणायचं. तरी दर वर्षी ६०,००० रुपयांची घट. सगळं मिळून वर्षाला लाखभर, महिन्याला साधारण ८,४०० रुपये. दुरुस्ती यात धरलेलीच नाही.

आणि मशीन कमवून किती देईल? तुम्हीच लिहिलंय की एका गोधडीला पाच दिवस लागतात आणि त्यातले दोन दिवस टाके घालण्याचे. बाकीचे तीन दिवस तुकडे कापणं, जोडणं, थर लावणं, कच्चा टाका घालणं, किनार मारणं यात जातात. लाँग आर्म या तीन दिवसांना हातही लावत नाही. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात झालं असं मानलं, तरी गोधडी साडेतीन दिवसांची होते. महिन्याच्या वीस दिवसांत चारऐवजी जेमतेम पावणेसहा गोधड्या. वाढीव पावणेदोन गोधड्यांवर सुटतात सुमारे २,७०० रुपये. खर्च ८,४०० आणि वाढीव मिळकत २,७००, तीही सगळा माल खपला तर.

शिवाय पुण्याच्या बायका तुमच्याकडून गोधडी घेतात ती कशासाठी, हे त्यांना एकदा विचारून बघा. साध्या सरळ ओळींच्या टाक्यासाठी घेत असतील, तर लाँग आर्मवर हात फिरवून घातलेल्या टाक्याला तोच भाव मिळेल असं धरून चालू नका.

सोन्याबद्दल तर मी ठामपणे नाही म्हणतो. सोनेतारण कर्ज बहुधा वर्षभराच्या मुदतीचं असतं, मशीन दहा वर्षं वापरायचं. मधली सगळी भिस्त कापसावर. बोंडअळी, ऐन वेचणीतला पाऊस, पडलेला भाव, यातलं एक जरी आडवं आलं तरी सोनं सुटत नाही. जळगावच्या बाजारात सोनं घेणाऱ्या आपल्या घरांनी ते अडीअडचणीसाठीच जपलेलं असतं, आणि मशीनची हौस ही काही अडचण नव्हे. एफडीही लेकीच्या प्रवेशासाठी जूनमध्ये लागणारच आहे. तेव्हा फी भरायला महागडं कर्ज काढायची वेळ येऊ देऊ नका.

मग खांद्याचं काय? कारखान्यात वापरतात ते सरळ टाक्याचं, सर्वो मोटारचं (म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाऱ्या विजेच्या मोटारचं) मशीन पंचवीस-तीस हजारांच्या घरात येतं. सुईपासून खांबापर्यंत सुमारे दहा इंच जागा मिळते आणि ब्लाउजही त्यावरच होतात. आपली गोधडी सरळ ओळींचीच असते, त्यामुळे कापड हाताने फिरवून घालायच्या नक्षीच्या टाक्याची गरज फार थोडी. गावातल्या सुताराकडून मोठं टेबल करून घ्या आणि मशीनचा पाटा त्याच्या पृष्ठभागाशी एकसारखा बसवा. गोधडीचं वजन टेबलाने पेललं की खांद्यावरचा ताण बराच उतरतो. मोठी गोधडी तीन पट्ट्यांत टाके घालून मग जोडता येते, तेही करून बघा. हे सगळं चाळीस हजारांत बसतं.

त्यातही मदत मिळू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज मिळतं. लाभ कुटुंबात एकालाच, आणि घरात सरकारी नोकरी नको. मुद्रा कर्ज चालू असेल तर ते आधी फेडावं लागेल. अर्ज सीएससी केंद्रात होतो.

लाँग आर्मचा विचार कायमचा सोडा असं मी म्हणत नाही. अमेरिकेत अशी मशीनवाली मंडळी दुसऱ्यांनी जोडून आणलेल्या क्विल्टवर टाके घालून देतात आणि चौरस इंचावर मजुरी घेतात. तुमच्या बचत गटातल्या बायकांनी तुकडे जोडून आणले आणि तुम्ही फक्त टाके घातले, तर अर्ध्या दिवसाला एक याप्रमाणे महिन्याला चाळीस होतील. नगाला ५०० रुपये मजुरी धरली तर सतरा नगांत मशीनचा खर्च निघतो, आणि तुमची आजची ६,४०० रुपयांची कमाई टिकवायला तीस नग लागतात. तेवढं काम येतंय का, हे आधी सहा महिने नव्या साध्या मशीनवर वहीत लिहून बघा. दर महिन्याला वीसेक नग स्वतःहून येऊ लागले, तर मला पुन्हा लिहा.

त्या वेळी अमळनेरहून गाडीने सुरतेला जाऊन या, तिथे कापडधंद्याच्या मशीनचे विक्रेते भरपूर आहेत. फक्त एक जपा: बाजारात लाँग आर्म म्हणून बरेचदा तंबू-ताडपत्री शिवायचं जाड सुईचं मशीन दाखवतात, ते तुमच्या कामाचं नाही. परदेशी मशीन ११० व्होल्टचं आहे की २३० व्होल्टचं, वॉरंटी भारतात चालते का आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येणार, ही तिन्ही उत्तरं कोटेशनवर लेखी घ्या. ती मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.