गोठलेल्या धबधब्याच्या पायथ्याशी पोचताना आणि उतरताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात राहून मुंब्र्याच्या कातळावर सराव करता, फेब्रुवारीत स्पितीत डब्ल्यूआय-३ दर्जाचा धबधबा चढायचाय, तर जाताना-उतरताना काय सांभाळायचं.

नेमक्या जागी बोट ठेवलंत. डब्ल्यूआय म्हणजे ‘वॉटर आइस’, गोठलेल्या पाण्यावरच्या चढाईची श्रेणी; त्यातली ३ म्हणजे साधारण ७०-८० अंशांचा बर्फ, मध्ये दम खायला जागा. तंत्र शिकवलं की तेवढं जमेल. खरी मेख चढाईच्या आधी आणि नंतर आहे. आपला कातळ सकाळी असतो तसाच संध्याकाळी असतो आणि उतरायला बहुतेकदा बोल्ट (रोप अडकवायला कातळात ठोकलेली पक्की खिळी) मारलेला असतो. तिकडे यातलं काहीच गृहीत धरू नका.

धबधबा बहुतेकदा नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत असतो, त्यामुळे वर साचलेलं सगळं त्याच वाटेने खाली येतं. नकाशावर आधी धबधब्याच्या डोक्यावरचा उतार बघा. ३० ते ४५ अंशांचा असेल आणि नुकता बर्फ पडला असेल, तर हिमस्खलनाचा धोका असतो; एक-दोन दिवस थांबा, स्थानिकांना विचारा, आणि शंका राहिली तर सरळ दुसरा धबधबा निवडा. संशयास्पद पट्टा एकेकाने ओलांडायचा. हेल्मेट पायथ्याला पोचल्यावर नाही, नाळेत शिरतानाच. क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, सपाटीवर बसूनच चढवा; उतारावर एका पायावर डोलत पट्टे आवळू नका. आणि धबधब्यावर आधीच कोणी चढत असेल तर त्यांच्या खाली जायचं नाही. तोडलेली ढेकळं थेट तुमच्यावर येतात.

ऊन कधी लागतं तेही आदल्या दिवशी बघून ठेवा. उन्हाने बर्फ सैल होतो, म्हणून ऊन पडायच्या आत खाली, असा हिशेब.

उतरायला चालत जायची वाट असली तर मला तीच आवडते, अर्थात वरचा उतार भरवशाचा असेल तरच. नाहीतर रॅपल, म्हणजे रोपवरून घसरत उतरणं. त्यासाठी सोव्हिएत गिर्यारोहक व्हिताली अबालाकोव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हातात बसलेली हवी. लांब, म्हणजे २२ सेंमीचा, आइस स्क्रू (बर्फात फिरवून घालायची पोकळ नळी) बर्फाशी ६० अंशांत आडवा तिरका घालून काढायचा, वीतभर अंतरावरून दुसरं भोक असं पाडायचं की दोन्ही आत भेटतील. त्यातून ७ मिमीची दोरी तारेच्या हुकाने ओढून गाठ मारायची. बर्फ निळसर, घट्ट हवा; पांढरा, फुसका असेल तर तो खरवडून आत जा. शेजारी एक स्क्रू बॅकअपला, पण त्यावर भार येणार नाही इतका सैल जोडलेला. सगळ्यात वजनदार माणूस आधी उतरतो, अँकर, म्हणजे रोप ज्यातून ओवलाय तो दोरीचा फास, हलत नाही हे बाकीचे बघतात, आणि शेवटचा तो स्क्रू काढून येतो. रोपच्या दोन्ही टोकांना गाठी आणि प्रुसिक (रोपभोवती वेढलेली, भार आला की आवळणारी दोरीची गाठ) इथल्यासारखेच, फक्त गोठलेल्या रोपवर प्रुसिक घसरतो, म्हणून एखादा वेढा जास्त द्या आणि भार टाकून बघा. दोन रोप जोडले असतील तर कोणता ओढायचा ते निघण्याआधी मोठ्याने बोलून घ्या.

सराव इथेच होतो. मासळीवाल्यांना बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीतून एक लादी आणा, गच्चीवर उभी करा आणि हातमोजे घालूनच भोकं जुळवत बसा. लादी तडकते, त्यामुळे तिच्यावर लटकायला जाऊ नका. पण दुसरं भोक कुठे चुकतं ते तिच्यात आरपार दिसतं.