आंगणातल्या गोष्टी: संत्र्याचा केक, बुलबुलचा खोपा आणि दुपारचं पुस्तक

होळी झाली की या सदराची पत्रं वाढतात. यंदाही वाढली, काही पोस्टकार्डं, बाकी सगळी व्हॉट्सॲपवर, दोघी-तिघींनी तर सरळ व्हॉइस मेसेजच पाठवले. पळस आता ओघळायला लागला, कडुलिंबाखाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, संध्याकाळी वास येतो त्याचा. आपल्या विदर्भात वसंत जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतो, मग ऊन असं तापतं की ओट्यावर बसवत नाही. तेव्हा प्रस्तावना राहू द्या, प्रश्नच घेऊ.

प्रश्न: ताई, आमच्या बगीच्यातला मृगाचा संत्रा निघून रायला. घरचा माल हाय म्हणून पोरांसाठी केक करते, पण तीनदा केला अन् तिन्ही वेळा कडू झाला. ओव्हन नाही, कढईत करते. मैदा नाही वापरत, घरच्या नव्या गव्हाची कणीकच घेते. एकदा मधातून बसलाही. काहून होते असं? (वरुड तालुका)

बाई, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण घरचा संत्रा आणि घरचा नवा गहू एकाच वेळी हाताशी असणं हे याच दिवसांत होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेला मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो, तेव्हाच गहू निघतो, म्हणजे हा केक आपल्या भागाचा खराखुरा हंगामी पदार्थ झाला, तो सोडू नका.

आता कडूपणाचं. तुम्ही रस मिक्सरमध्ये काढता का? पत्रात लिहिलं नाही तुम्ही पण मला तीच शंका आहे. आपल्या नागपुरी संत्र्यात बिया असतात, मिक्सरमध्ये त्या फुटल्या की कडवटपणा थेट रसात उतरतो. फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि दोरे पण कडू. आणि तिसरं कारण बऱ्याच जणींना माहीत नसतं, रस काढला तेव्हा गोड लागतो पण तो तसाच तीन-चार तास ठेवला की आपोआप कडू होत जातो. संत्र्यातलं लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू तयार होतं रसात, फ्रीजमध्ये ठेवला तरी ते थांबत नाही. सकाळी रस काढून ठेवला आणि दुपारी केक केला तर तो कडू होणारच. फोडी हातानं सोला, बिया काढा, गाळणीवर हातानंच दाबा आणि रस लगेच पिठात घाला.

सालीचा किस घालत असाल तर संत्रा सोलायच्या आधी, अख्खा असताना किसा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती खिसणीवर धरताच येत नाही आणि मग पांढरा भागही खिसला जातो. फक्त वरचा नारंगी रंग घ्यायचा. फवारणीचा माल असेल तर आधी कोमट पाण्यानं चोळून धुवा, बगीच्याचं कोणत्या दिवशी काय फवारलं ते तुम्हाला माहीतच असेल.

माझं माप असं आहे: दीड वाटी कणीक, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, पाऊण वाटी ताजा रस, पाव वाटी घट्ट दही, एका संत्र्याचा किस, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. कणकेत कोंडा असतो, तो पाणी पितो, म्हणून आधी कणीक, साखर, तेल, दही आणि अर्धा रस कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पावडर आणि सोडा सगळ्यात शेवटी उरलेल्या रसात घालून ओता, हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा आणि ताबडतोब कढईत जाऊ द्या. रस आंबट, दही आंबट, सोडा लागला की लगेच फसफसतो आणि तोच फुगारा केकला वर उचलतो. तुम्ही सोडा घालून मग कढई तापवायला ठेवता का? मग फुगारा कालवायच्या गंजातच, भांड्यातच संपतो आणि केक मधातून बसतो.

कढईत तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं आधी तापवायची. मग केकचं भांडं ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उचलायचं नाही, कितीही वास येऊ द्या. कुकरमध्ये करणाऱ्यांनी शिटी आणि रिंग दोन्ही काढून ठेवायची, रिंग कोरड्या तापानं जळते. ते मीठ नंतर फेकू नका, डब्यात भरून पुढच्या केकसाठी ठेवा, भाजीत मात्र वापरू नका. आणि हा केक ओलसर असतो, या हवेत दोन दिवसांच्या वर बाहेर टिकत नाही.

आणखी एक सांगते, तुम्ही विचारलं नाही तरी. नवा गहू घरात आला की एकदा रोडगे करा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला रोडगा, वांग्याची भाजी आणि वरून तूप, आपल्या आज्या भाजायला ओव्हनची वाट बघत बसल्या नाहीत कधी. आणि तालुक्याच्या गावाला भट्टी असेल तर कणीक, तूप, साखर घेऊन जा आणि बिस्किटं भाजून आणा, परीक्षा संपल्यावर पोरांना बरणीत हात घालायला काहीतरी पाहिजे.

प्रश्न: मधुमालतीच्या वेलावर बुलबुलनं खोपा केला आहे, दारापासून तीन हातावर. वेल फार माजला आहे, घरचे म्हणतात गुढीपाडव्याच्या आत छाटून टाक. काय करू? पिल्लू खाली पडलं तर हात लावायचा नाही असंही म्हणतात. (कारंजाजवळचं गाव, जिल्हा वाशीम)

छाटू नका ताई. हात जोडून सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी मी हेच केलं. पाहुणे येणार म्हणून फाल्गुनात वेल छाटला, खोपा दिसला तो कात्री चालवून झाल्यावर, दोन अंडी होती, गुलाबीसर, त्यावर तपकिरी-जांभळे ठिपके. जोडी दोन दिवस त्या उघड्या काड्यांवर येऊन बसत होती. मला ते अजून दिसतं. तेव्हापासून आमच्या घरी छाटणी पावसाळा सरल्यावर, आधी नाही.

आणि तुम्हाला फार दिवस थांबायचंही नाही. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, साधारण दोन आठवडे उबवणं, मग आणखी दोनेक आठवड्यांत पिल्लं खोपा सोडतात. म्हणजे घरच्यांना सांगा की महिनाभर कळ काढा. पाडव्याला गुढी दुसऱ्या कोपऱ्यात उभारा, दाराचं तोरण लावा, फक्त त्या वेलाखाली खुर्ची टाकून गर्दी करू नका. कायद्याचंही सांगून ठेवते, वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, घरात कोणी फारच अडून बसलं तर हे सांगायला कामी येतं.

हात लावल्यावर आई टाकून देते ही समजूत खरी नाही. बहुतेक पक्ष्यांना वासावरून पिल्लू ओळखायचं नसतंच. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू पडलं तर अलगद उचलून खोप्यात ठेवा. पिसं आलेलं, उड्या मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, ते उडायला शिकून रायलं आहे, जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा, आई-बाप येऊन चारतात. दूध, पोळी काही देऊ नका. मांजराची भीती असेल तर वेलाच्या बुडाशी बोराटीचे काटे बांधा, घट्ट नाही, चढताना टोचतील एवढेच.

पाणी ठेवत असाल तर मातीचं पसरट टोपलं घ्या, दोन बोटं पाणी, मधात एक-दोन दगड. रोज ओतून नवं भरा, डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, रोज पाणी बदललं की तो प्रश्नच राहत नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. घरात पुस्तकं भरपूर आहेत पण वाचन सुटलं, मोबाइल हातातून सुटत नाही. दोन पानं वाचली की डोळा लागतो. पुस्तकांना कसर पण लागली. कुठून सुरू करू? (अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया)

नमस्कार गुरुजी. तुम्ही ज्या तालुक्यातून लिहिता त्याच तालुक्यात नवेगावबांधचा तलाव आहे, म्हणून मला दुसरं नाव सुचतच नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथं राहिले, त्या तलावाकाठची झाडं, पक्षी, माणसं त्यांनी मराठीत आणली. जन्म सोलापूरचा, १९३२चा, पण आपल्या जंगलानं त्यांना लिहितं केलं. जून २०२५मध्ये ते गेले. त्यांचं कुठलंही पुस्तक घ्या, सलग वाचू नका, एका दिवशी एकच प्रकरण, आणि त्यात जे झाड आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. तुम्हाला ते झाड पायी गाठता येतं, पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही येत.

डोळा लागतो कारण तुम्ही दुपारी जेवल्यावर, पंख्याखाली, आडवे होऊन वाचत असाल. सकाळी साडेसहा ते आठ ओट्यावर बसून बघा. या दिवसांत दयाळ गातो पहाटे, तारेवर नाहीतर छपराच्या टोकावर बसून, नंतर तांबटाची टुकटुक सुरू होते, आणि मोबाइल घरातच ठेवायचा, उशीखाली नाही तर सरळ देवघरात. दुपारी वाचायचंच असेल तर मोठ्यानं वाचा, नातवंडांना किंवा घरी जे कोणी असेल त्यांना. तुम्ही आयुष्यभर वर्गात वाचून दाखवलं, आवाजाची सवय गेलेली नसते. गावात वाचनालय असेल तर तिथं आठवड्यातून एक दिवस हे करा, 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान अशा कितीतरी वाचनालयांत पुस्तकं आहेत पण बसणारं कोणी नाही.

कसर बांधणीची खळ खाते. पुस्तकं एकेक करून झटका, सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर उभी ठेवा, दुपारचं ऊन नको, पानं कडक होतात. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून कपाटात ठेवा. ओला पाला ठेवू नका, बुरशी येते.

प्रश्न: घरामागं मोहाचं झाड आहे. फुलं वेचता यावी म्हणून शेजारी खालचा पाला पेटवून देतात, धुरानं जीव जातो. आणि मोहफुलाचं गोड काही भाजून होतं का? (कुरखेडा, जिल्हा गडचिरोली)

पाला पेटवण्याऐवजी जुन्या साड्या एकाला एक शिवून झाडाखाली अंथरा, नाहीतर बारीक जाळी. मोह पहाटे गळतो, सकाळी चार टोकं धरली की फूल एका जागी, माती लागत नाही, स्वच्छ फुलाला भाव पण चांगला येतो. आणि आग लागली की खाली उगवलेली मोहाची रोपं, सरडे, जमिनीवरची घरटी सगळं जातं, एखादी ठिणगी रानात गेली तर पुढं काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल. शेजाऱ्यांशी भांडू नका, एक साडी त्यांनाही द्या. फक्त अंधारात एकट्यानं जाऊ नका, अस्वलालाही मोह आवडतो, उजाडू द्या.

भाजायचं म्हणाल तर वाळलेली फुलं चोळून आतले धागे झटकून टाका, दोनदा धुवा, थोड्या पाण्यात मऊ शिजवून ठेचा आणि त्यातच कणीक, तूप, तीळ घालून जाडसर भाकरीसारखं थापा. पळसाच्या दोन पानांत ठेवून निखाऱ्यावर. साखर लागत नाही. गरम असताना खा, गार झालं की चिवट होतं.

प्रश्न: आमच्या कुंपणावर लाल मानेचा सरडा येतो. मित्र म्हणतात तो लांबूनच माणसाचं रक्त पितो, म्हणून दगड मारतात. खरं आहे का? (सातवीचा विद्यार्थी, चिमूर तालुका)

नाही बाळा, अजिबात नाही. तो नर आहे, विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि मान लाल होते, मादीला दिसावी आणि दुसऱ्या नरानं दूर राहावं म्हणून. तो किडे, मुंग्या, नाकतोडे खातो. मित्रांना घेऊन सकाळी नऊच्या सुमारास कुंपणापासून दहा पावलांवर गुपचूप बसा, तो पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वरखाली होतो. एका बैठकीत किती वेळा करतो ते मोजा आणि मला पुढच्या पत्रात कळवा.