मांजरीला आयबीडी निघालाय, पूर्ण बरी होईल का?

तुम्ही लिहिलंय की 7 वर्षांची मांजर आठवड्यातून तीन-चारदा उलटी करते, शी पातळ, वजन उतरतंय आणि डॉक्टर आयबीडी, म्हणजे आतड्याला कायमची सूज, म्हणाले, तर हे पूर्ण बरं होतं का. मी डॉक्टर नाहीये हां, सांगलीत विश्रामबागला राहते, आमच्या बंड्या बोक्याला हे लागून तीन वर्षं झाली तेवढ्यावरून सांगते. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतं.

पहिलं म्हणजे बाकीचं सगळं तपासून झालंय का ते विचारा, जंत, थायरॉइड, किडनी, स्वादुपिंड. आतड्याचा लिम्फोमा म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर पण अगदी असाच दिसतो, सोनोग्राफीत दोन्ही आजारांत आतडं जाडच दिसतं, खात्रीने सांगायचं तर बायोप्सी लागते आणि ती स्टेरॉइड सुरू करायच्या आधी, नाहीतर रिपोर्टमध्ये घोळ होतो. आम्ही केली नाही, भूल आणि पुण्याची वारी, धाडस झालं नाही.

खरी लढाई खाण्याची. जे मांस तिने जन्मात खाल्लं नाही असं एकच, किंवा हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं, म्हणजे शरीराला ओळखू येणार नाही इतके प्रोटीनचे बारीक तुकडे केलेल्या खाण्याचं पाकीट (महाग आहे, ऑनलाइनच मागवावं लागतं), आणि त्याशिवाय कणभर काही नाही. पाकिटावर टूना लिहिलं म्हणून भुलू नका, मागची यादी वाचा, त्यात बऱ्याचदा चिकन असतंच. नुसतं उकडलेलं मटण थोडे दिवस चालतं, कायमचं नाही, कॅल्शियम वगैरे कमी पडतं. आतड्याचा फरक साधारण दोन आठवड्यांत दिसायला लागतो म्हणे, पण आमच्याकडे तिसरा आठवडा उलटला तरी कालनिर्णयवर मी उलटीचा ‘उ’ लिहितेच आहे. मग एक दिवस तुळशी वृंदावनाच्या मागे छोटी स्टीलची वाटी सापडली, कडेला दूधभात वाळून चिकटलेला. सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो, विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं किती वाळलाय तो, दोन घासानं काय हुतंय?’ झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. त्यावेळी 5.2 किलोचा बोका 3.8 वर आला होता, आता 4.6 आहे. वजन करायला त्याला उचलून काट्यावर उभी राहते आणि मग माझं वजा करते, ते जरा क्लेशदायक आहे पण असो.

नुसत्या खाण्यावर भागलं नाही म्हणून बी12 ची इंजेक्शनं झाली, आधी आठवड्याला एक अशी सहा. आतडं खराब असलं की ते शोषलं जात नाही आणि ते कमी असलं की बाकीच्या औषधांचाही नीट गुण येत नाही. आणि प्रेडनिसोलोन, हेच ते स्टेरॉइड, आधी रोज, मग हळूहळू कमी करत आता एक दिवसाआड. मेडिकलवाल्याने प्रेडनिसोन हातात दिलं तर घेऊ नका, मांजराच्या अंगाला ते नीट लागत नाही. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही, आणि पाणी फार प्यायला लागली, सारखं मुतायला लागली तर शुगर बघून घ्या, स्टेरॉइडने वाढू शकते. गोळी कडू असते, बंड्या तर असा फेस काढायचा की वाटावं विष दिलंय, आता रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून देते.

आणि एक, तिने दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही तर ‘बघू उद्या’ करू नका, मांजराच्या लिव्हरवर लगेच चरबी चढते, तेव्हा त्याच दिवशी उचलून न्या.