पहिल्यांदाच फोर बाय फोर घेऊन वाळवंटात दोन दिवस मुक्कामाला जायचंय, काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी नवीन आहे, डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांची सवय आहे, पण वाळूत कधी चालवलेली नाही, आणि सामानाची यादी हवी आहे. यादी देतोच, पण आधी टायरमधल्या हवेचं बोलू. वाळूत रुतणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक हवा न काढल्यामुळे रुततात. त्यात इंजिनचा दोष नसतो.

डांबरी रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय हवा असते. वाळू सुरू व्हायच्या आधीच थांबून चारही चाकांत ती १५ ते १८ वर आणा. टायर चपटा होऊन मुख्यतः लांबीला पसरतो, गाडीचं वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू कापत खाली न जाता वरून चालतं. मऊ वाळूत १२ पर्यंत चालतं. त्याखाली मात्र जोरात वळण घेतलं की टायर रिमवरून निसटू शकतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: लांबचा रस्ता तुडवून आल्यावर टायर तापलेला असतो. तेव्हा १६ मोजलेत, तर रात्री २० अंश तापमान उतरल्यावर सकाळी तोच टायर १४ दाखवेल. म्हणून सकाळी निघण्याआधी पुन्हा मोजा, आणि कमी दाब नीट दाखवणारा गेज घ्या.

हवा काढण्याइतकंच भरण्याचं बघा. बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर जोडायचा मोठा कॉम्प्रेसर फ्यूज उडवतो. छोट्या पंपाला चार चाकं भरायला अर्धा तास सहज लागतो, मध्ये तो तापून बंदही पडतो, तेव्हा परतीच्या वेळेत तेवढी सवड धरा. कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगात गेलात तर टायरच्या बाजूच्या भिंती तापून फाटतात.

आता चालवणं. वाळूत शिरायच्या आधीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, लावा, रुतल्यावर नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण चाक जरा घसरलं की ती यंत्रणा नेमकी हवी तेव्हाच ताकद कापते. काही गाड्यांत ते बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, ते घरीच बघून ठेवा. एकसारखा वेग राखा, गिअर कमीत कमी बदला. मॅन्युअल गाडीत अर्धा क्लच दाबून रेटत राहिलात तर क्लच प्लेट जळालीच समजा.

थांबायचं असेल तर ब्रेक मारू नका. ब्रेकमुळे चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना गाडी त्याच्यावरच अडते. पाय काढून गाडी आपोआप थांबू द्या, आणि शक्यतो तोंड उताराकडे करून.

टेकडी चढायची ती सरळ, तिरकी नाही. वाऱ्याच्या बाजूचा उतार लांब आणि घट्ट असतो. पलीकडचा ३०-३४ अंशांचा, भुसभुशीत. माथ्यावर पोचताना वेग कमी करा, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. समोर दुसरी गाडीही असू शकते, म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात. उतरतानाही सरळच. मागची बाजू आडवी सरकू लागली, तर स्टीअरिंग उताराकडे वळवून हलका अॅक्सिलरेटर द्या. ब्रेक दाबून आडवे राहिलात तर गाडी कोलांटी खाते. चढ अर्ध्यावर सुटला तर तिथे वळू नका. रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून मागे या.

सकाळची वाळू गारव्यामुळे जरा घट्ट असते. भर दुपारी ती मऊ पडते आणि सावल्या नसल्याने खड्डा कुठे, कडा कुठे तेही कळत नाही. दुपारी जेवा, झोपा. मिठाच्या पांढऱ्या सपाट जमिनीवर, जुन्या चाकोऱ्या नसतील तर, जाऊच नका. वर कोरडी पापडी आणि खाली चिखल असतो.

गाडी रुतली? पहिल्यांदा चाक फिरलं की पाय काढा. प्रत्येक जादा फेरी चाकाला खाली नेते आणि शेवटी गाडी पोटावर टेकते. मग चाकं नुसती हवेत फिरतात. आधी फावडं. पोटाखालची वाळू अशी काढा की खाली वाकल्यावर एका बाजूने दुसऱ्या बाजूचा उजेड दिसेल. मग चाकांपुढे लांब, हलका उतार खणा. हवा १०-१२ वर आणा, पाहिजे तर रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाला पकड देणारी दातेरी प्लास्टिकची फळी) दातेरी बाजू वर करून चाकाखाली घट्ट सरकवा आणि अगदी हळू निघा. बोर्डवर चाक फिरवलंत तर दाते वितळतात आणि बोर्ड मागे उडतो, तिथे कुणी उभं नको. बाहेर पडल्यावर हवा परत १५ च्या वर न्या.

दुसऱ्या गाडीने ओढायचं तर दोरी चासीच्या खऱ्या हुकलाच लावा. ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. दोरीच्या दीडपट अंतरात माणूस नको. यावरूनच कळेल की एकट्या गाडीने जायचं नाही.

डिझेल-पेट्रोल नेहमीच्या दीड ते दुप्पट धरा. पाणी माणशी रोज १० लिटर, तेही दोन दिवसांऐवजी तीन दिवसांचं, आणि एका मोठ्या डब्यात नव्हे तर चार-पाच कॅनमध्ये. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून द्या. वाट चुकलात तर गाडी सोडून चालत निघू नका, शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

मुक्कामाची जागा सूर्यास्ताच्या दीड तास आधी ठरवा. कोरडा ओढा सपाट आणि आयता दिसतो, पण पाऊस लांब कुठेतरी पडतो आणि लोंढा इथे येतो. तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, फूटभर खोल पुरा. रात्री थंडी पडते, झोपण्याच्या पिशवीत कंजूषी नको. बूट झटकूनच घाला, विंचू असतात. शेकोटी वाळूने झाकू नका, पाणी ओता. वाळूखालचे निखारे तासन्‌तास गरम राहतात आणि कुणीतरी अनवाणी चालत येतं.

परत आल्यावर ८० च्या वेगात स्टीअरिंग थरथरू लागलं तर घाबरू नका. रिमच्या आतल्या बाजूला वाळू साचलेली असते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती धुवा आणि एअर फिल्टर काढून झटका.