म्युनिकहून मुलांना घेऊन कोल्हापूरला सुट्टीला यायचं असेल तर

ताई, तुम्ही विचारलंय की पतीच्या नोकरीमुळे म्युनिकला जातोय, मुलगी सात वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. दरवर्षी सुट्टीला कोल्हापूरला येणं जमेल का? जमतं. फक्त तारखा शाळा ठरवते, हे आत्ताच घरच्यांनाही सांगून ठेवा.

जर्मनीत शाळा सक्तीची आहे. स्वस्त तिकीट मिळतंय म्हणून चार दिवस आधी निघालात तर दंड होऊ शकतो. बव्हेरियात सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलीस शाळकरी मुलांच्या पालकांना विचारतात, तेव्हा हा धोका पत्करू नका. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दिवाळीला शाळा बहुतेक चालूच असते, शरद ऋतूची सुट्टी जेमतेम आठवड्याची. म्हणून सगळा भावकीचा गोतावळा एकत्र भेटायचा तर गणपतीच धरा. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे सुट्टी संपतानाच; ते वर्ष सोडा. 2027 मध्ये ती 4 सप्टेंबरला आहे, ते वर्ष उत्तम.

आता पावसाचं. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हे आपल्याकडे पुराचे दिवस. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद झाला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. निघायच्या आधी आठवडाभर तिथली पाण्याची पातळी रोज बघा. 39 कडे सरकत असेल तर मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकांकडे दोन दिवस थांबायची सोय आधीच करून ठेवा. माझं मत विचाराल तर 15 ऑगस्टनंतर या. पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि गणपतीची तयारीही मुलांना बघायला मिळते.

म्युनिकहून मुंबई थेट विमानाने साधारण आठ तास. पुढे उजळाईवाडीचं, म्हणजे कोल्हापूर विमानतळाचं विमान पकडायचा मोह होतो, पण ते वेगळ्या तिकिटावर असेल तर दोन अडचणी येतात. देशांतर्गत सामानाची मर्यादा सहसा माणशी 15 किलो, आणि तुमच्याकडे 23-23 किलोच्या बॅगा. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलं, पैसे परत नाहीत. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मुलांना सोपी पडते, सकाळी कोल्हापूर. गाडीच करणार असाल तर मुंबईपासून पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहेत. मुलं बरोबर असताना दहा तास धरा. मुलाची कार सीट बरोबर आणा, बहुतेक विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात. पण आपल्याकडच्या भाड्याच्या गाडीत मागच्या बेल्टची कुलपं सीट कव्हरखाली दाबलेली असतात. गाडी ठरवतानाच ड्रायव्हरला मागचं कव्हर काढून ठेवायला सांगा, नाहीतर सीट बांधता येत नाही.

धाकट्याचं तिकीट काळजीपूर्वक काढा. दोन वर्षांच्या आत मांडीवर बसणाऱ्या मुलाला मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडतात, पण दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मध्येच आला तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ मुलांच्या रहिवास कार्डाचा होतो. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि कार्डाची मुदत सहसा त्याच्या पुढे जात नाही. म्हणजे मोठ्यांची कार्डं चालू आणि मुलीचं संपलेलं, असं होतं. नूतनीकरणाचा अर्ज दिल्यावर मिळणारं फिक्त्सिऑन्सबेशाइनिगुंग हे पत्र घेऊन परत येता येतं, पण त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 परिच्छेद 4 ची खूण असेल तरच. परिच्छेद 3 ची असेल तर जर्मनीबाहेर जाऊ नका. पासपोर्ट संपायला आठ-नऊ महिने उरले की म्युनिकच्या भारतीय वकिलातीत अर्ज टाका.

लसींसाठी निघण्याच्या सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा: हेपॅटायटिस ए आणि, दोन वर्षांच्या पुढच्यांना, टायफॉइड. जर्मन सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही, वेगळा प्रवास विमा घ्या.

उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेतीन तासांचा. पहिले तीन-चार दिवस मुलं रात्री बारापर्यंत जागतात आणि सकाळी लवकर उठत नाहीत. पहाटे जोतिबाला जायचा बेत आठवडाभर पुढे ढकला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आजोबा कौतुकाने पाजतील. त्यांना नम्रपणे सांगा, मुलांना ते उकळूनच द्यायचं. जुलाब लागलेच तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. पेल्यात चिमूटभर टाकलं की प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या.

परतताना तूप, पेढे, बर्फी, मटणाचं लोणचं बॅगेत नको. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. आंबे आणि कढीपत्ताही नाही. नारळ चालतो, गूळ चालतो, कांदा-लसूण मसालाही चालतो. त्याला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.