मेम्फिस, मन्फ आणि इजिप्त

प्रश्न असा आहे : प्राचीन इजिप्तमधल्या ‘मेम्फिस’ शहराचे नाव ग्रीक आहे का, आणि ‘इजिप्त’शी त्याचा काही संबंध आहे का?

रूप ग्रीक, नाव मिसरी, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या भाषेतले. ग्रीक पुराणकथेत मेम्फिस ही नाईल देवाची मुलगी, पण ती नावावरून मागाहून रचलेली व्युत्पत्ती. शहराचे आधीचे नाव ‘इनेबु-हेज’, म्हणजे पांढऱ्या भिंती. पुढे सहाव्या राजवंशातल्या पहिल्या पेपी राजाने जवळच सक्कारा येथे पिरॅमिड बांधला. त्याचे नाव ‘मेन-नेफर-पेपी’, साधारण अर्थ ‘पेपीचे सौंदर्य चिरस्थायी आहे’. त्याभोवतालच्या वस्तीचे नाव हळूहळू साऱ्या शहराला लागले आणि ‘पेपी’ गळले. (‘मेन-नेफर’मधले एकार अभ्यासकांच्या सोयीचे आहेत, चित्रलिपीत स्वर लिहीत नसत.)

बोलण्यात नेफरचा शेवटचा र् झिजला. कॉप्टिकच्या (मिसरी भाषेच्या शेवटच्या रूपाच्या) दक्षिणी बोलीत ‘म्न्फे’ उरले, उत्तरेकडे ‘मेम्फि’. न् चा म् का झाला? पुढच्या ओष्ठ्य वर्णामुळे. आपण ‘संप’ लिहितो आणि सम्प म्हणतो, तोच प्रकार. असीरियन लेखांत ‘मेम्पि’ आहे. ग्रीकांनी शेवटी प्रथमेचा स् जोडला. हिब्रूत ‘मोफ’ आणि ‘नोफ’ अशी दोन्ही रूपे सापडतात. अरबी ‘मन्फ’मध्ये मात्र न् शाबूत आहे, म्हणजे ते ग्रीकांमार्फत न येता थेट कॉप्टिकमधून आले.

‘इजिप्त’चा उगम याच शहरात, पण वेगळ्या नावात. इथल्या प्ताह देवाच्या मंदिराला ‘हुत-का-प्ताह’ म्हणत, प्ताहच्या ‘का’चे (प्राणतत्त्वाचे) घर. इ. स. पू. चौदाव्या शतकातल्या अमार्ना पत्रांत (इजिप्तच्या दरबारच्या, कीलाक्षरांत म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत लिहिलेल्या पत्रव्यवहारात) ते ‘हिकुप्ताह’ असे येते. कीलाक्षरांत स्वर लिहावे लागत असल्याने हा पुरावा मोलाचा. त्यातून ग्रीक ‘ऐगुप्तोस’, लॅटिन ‘एगिप्टस’, इंग्रजी ‘ईजिप्ट’. ग्रीक ‘ऐगुप्तिओस’ (इजिप्तचा रहिवासी) अरबीत जाताना सुरुवातीचा ऐ गेला, अरबीत प नसल्याने ब आला आणि ‘किब्त’ झाले. ‘कॉप्ट’ (इजिप्तमधले ख्रिस्ती) त्याचेच युरोपीय रूप. देशाचे अरबी नाव ‘मिस्र’ (मराठी बायबलातले ‘मिसर’) मात्र वेगळ्याच मुळाचे, त्याची यात सरमिसळ करू नये.

लेखनाबद्दल : ‘मेंफिस’ आणि ‘मेम्फिस’ दोन्ही चालतील, कारण फ च्या आधीचा अनुस्वार म् च असतो. ‘मेनफिस’ नको. आणि फ ‘फळ’मधला उच्चारला तरी बिघडत नाही, त्या काळचा ग्रीक वर्ण महाप्राण प असाच होता.