टीव्हीवर चित्र दिसतंय, पण रेकॉर्डिंग होतंय का?

प्रश्न : नमस्कार दादा, चिपळूणजवळ आमचा छोटा वृद्धाश्रम आहे, 22 आजीआजोबा राहतात. आठ कॅमेरे आहेत, ऑफिसातल्या टीव्हीवर आठही चौकोन व्यवस्थित दिसतात. गेल्या महिन्यात एक आजी पहाटे व्हरांड्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलीने फुटेज मागितलं, आम्ही शोधायला गेलो तर त्या तारखेला काहीच नाही! मुलीला वाटतंय आम्ही लपवतोय. त्याच्या आदल्या दिवशी बराच वेळ लाइट गेली होती आणि नंतर स्क्रीनवर तारीख 2000 सालची दिसायला लागली, पण तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. नेमकं काय चुकलं?

उत्तर : ताई, वाचून फार वाईट वाटलं, आजींसाठीही आणि तुमच्यासाठीही. 2000 ची तारीख दिसत होती हे तुम्ही लिहिलंत तिथेच उत्तर आहे. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र डिस्कवर साठवणारं मशीन, त्याच्या आत घड्याळाचा एक छोटा गोल सेल असतो, बहुतेक वेळा सीआर2032, तो संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि मग सगळं रेकॉर्डिंग जानेवारी 2000 च्या खाली साठायला लागतं. म्हणजे फुटेज बहुतेक होतं, तुम्ही शोधलंत त्या तारखेत नव्हतं, एवढंच. आता मात्र ते पुसलं गेलं असणार, कारण डिस्क भरली की मशीन जुनं पुसून त्यावरच नवीन लिहितं. मुलीला हे जसंच्या तसं सांगा, लपवण्यासारखं यात काही नाही.

पुढे कधी असं झालं तर पहिलं काम म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एका फोटोत घ्या, दोघांतला फरक काढून त्या हिशोबाने शोधा, आणि सापडलं की त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, उद्यावर ढकलू नका.

डिस्क किती टीबीची आहे तेही बघून घ्या. एक कॅमेरा 2 एमबीपीएसवर (सेकंदाला 2 मेगाबिट, यालाच बिटरेट म्हणतात) सतत चालला तर दिवसाला साधारण 21 ते 22 जीबी खातो, आठ कॅमेऱ्यांचे झाले 170 च्या वर, म्हणजे 1 टीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते, आणि लोक मात्र महिनाभराचं सापडेल म्हणून निवांत असतात. पूर्ण महिना हवा असेल तर 6 टीबी घ्या, किंवा कॅमेरे एच.265 चे (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत) असतील तर ते सेटिंग करून बिटरेट निम्मा केला की दिवस दुप्पट होतात. डिस्क सर्व्हेलन्सचीच, म्हणजे सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क दिवसरात्र लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्हीवर दिसतं ते लाइव्ह असतं, डिस्क मेली तरी ते दिसतच राहतं! म्हणून दर सोमवारी एकाने बसून कालची पहाटे तीनची वेळ प्लेबॅक करून बघायची, आठही कॅमेऱ्यांची, दहा मिनिटं लागतात, आणि वहीत सही करायची. पहाटेचीच का, तर आजीआजोबा अंधारात बाथरूमला उठतात तेव्हा पडण्याची भीती असते, शिवाय रात्रीचं चित्र बिघडलंय हे दिवसा कळतच नाही. नाइट व्हिजनच्या दिव्यांकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो आणि रात्री सगळं पांढरंफटक दिसतं. मऊ ब्रशने जाळं काढा, काच मायक्रोफायबरने पुसा, फिनाइलचं फडकं अजिबात नको.

तुमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा म्हणजे कॅमेऱ्याच्या वायरींच्या जोडांतल्या पिना गंजणारच. जोड उघडे ठेवू नका, झाकणाच्या डब्यात घ्या, आणि वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा सप्लाय दोन्ही यूपीएसवर घ्या.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो, आई पुण्यात वृद्धाश्रमात. तिच्या खोलीत कॅमेरा लावून मला मोबाइलवर बघता येईल का? खोलीत अजून एक आजी असतात.

उत्तर : तुमची काळजी कळते, पण आधी आईला विचारा, आणि दुसऱ्या आजींनाही. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच संपला. तिथे त्या कपडे बदलतात, रडतात, झोपतात, ते सगळं दुसऱ्याच्या मुलाच्या फोनवर का जावं? सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, आणि वय झालं म्हणून तो कमी होत नाही. पलंगाजवळ कॉल बेल आहे का, रात्री किती मावशी ड्युटीवर असतात, हे विचारा, पडण्याच्या भीतीवर त्याचा जास्त उपयोग आहे. आणि व्हरांड्याच्या कॅमेऱ्याचं मोबाइल लॉगिन त्यांनी दिलंच तर ते फक्त बघण्यापुरतं, वेगळ्या युजरचं मागा, सगळ्यांचा मिळून एकच ॲडमिन पासवर्ड असेल तर आधी तो बदलायला सांगा.